मंगळवारची पानं

सुरेखाला नवऱ्याचा संशय यायला लग्नानंतर पस्तीस वर्षं लागली. त्याआधी तशी सोयच नव्हती. हेमंतराव शिराळकर एखाद्या बाईकडे निरखून बघायचे ते तिच्या हातात जुना कागद असेल तरच. सांगलीत जमिनींच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयात ते अभिलेखापाल होते, म्हणजे जुन्या कागदांच्या खोलीचे राजे. पुढे सगळं दप्तर संगणकात गेलं, खोलीला कुलूप लागलं आणि हेमंतराव निवृत्त झाले. त्यांच्या जागी कुणी आलं नाही, कारण जागाच उरली नव्हती.

खोली गेली, खोड राहिली. घरातल्या कपाटात त्यांनी चार रंगांचे रुमाल आणून ठेवले. हे रुमाल नाक पुसायचे नव्हेत, कागदांचे गठ्ठे बांधायची चौकोनी कापडं. कायम जपायचे ते कागद लाल रुमालात, तीस वर्षं ठेवायचे ते हिरव्यात, दहा वर्षांचे पिवळ्यात आणि वर्षभरात टाकून द्यायचे ते पांढऱ्यात. दर जानेवारीत निंदणी होई. शेतातलं तण काढावं तसे मुदत संपलेले कागद बाजूला निघत, त्यांची यादी होई, यादीवर नवराबायको दोघांच्या सह्या होत आणि मगच कागदांची वासलात लागे. स्वतःच्या लग्नाची पत्रिका त्यांनी पिवळ्या रुमालात घातली होती आणि दहा वर्षं भरताच यादीत घेतली होती. त्या वर्षी सुरेखाने सही केली नाही, म्हणून पत्रिका वाचली. ती कोणत्या रुमालात घालावी यावर हेमंतरावांनी दोन दिवस विचार केला आणि हिरव्यात घातली. लाल रुमालाच्या लायकीची ती त्यांना तेव्हाही वाटली नाही.

अशा माणसाने बायकोला पत्र लिहिलं असेल अशी अपेक्षा कोण करील? लग्न ठरलं तेव्हा मोबाइल आले होते. त्यावर त्यांचे निरोप यायचे ते 'पोचलो' आणि 'निघालो'. लग्नानंतर घरात चिठ्ठ्या सुरू झाल्या. 'दूध आणले आहे. ५.४० वा. हे. शि.' स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवायच्या चिठ्ठीवरसुद्धा वेळ आणि आद्याक्षरं. सुरेखा मैत्रिणींना त्या दाखवून हसायची. हसता हसता एखादी चिठ्ठी पर्समध्ये ठेवून द्यायची, ते मात्र कुणाला सांगायची नाही.

मग अक्षराची ती भानगड निघाली.

माणूस लिहितो तेव्हा हात एकटा लिहीत नाही. पुढचा शब्द मेंदूतून यावा लागतो, आणि तो यायला निमिषभर उशीर झाला तरी पेन कागदावर तेवढंच थबकतं. तिथे शाईचा ठिपका किंचित फुगतो. शब्द लिहून झाल्यावर शिरोरेषा ओढायला हात मागे येतो, तेव्हा तो किती अंतरावरून आणि किती दाब देऊन येतो, हेही मेंदूच सांगत असतो. डोळ्यांना यातलं काही दिसत नाही. पण लाखो माणसांच्या जुन्या वह्या संगणकाला दाखवल्या, त्या माणसांचं पुढे काय झालं तेही सांगितलं, आणि संगणक शिकला. एखाद्याची स्मृती झिजायला लागली आहे हे त्याच्या डॉक्टरच्या आधी चार-पाच वर्षं त्याचं अक्षर सांगू लागलं.

शोध चांगला होता. लवकर कळलं तर औषध लवकर देता येईल, अशी त्यामागे कल्पना होती. पण विमेवाल्यांना ती कल्पना फार निराळ्या अंगाने आवडली. वाणसामानाच्या याद्या, शाळेच्या वह्या, सासूने सुनेला लिहून दिलेली लोणच्याची कृती, सगळं रद्दीतून किलोवर विकत घेतलं जाऊ लागलं. मालमत्तेवर डोळा ठेवून बसलेले पुतणे काकांच्या सहीचे कागद तपासायला पाठवू लागले. मग कायदा आला. ज्याच्या अक्षरात खूण सापडेल त्याची सही सहा महिन्यांसाठी गोठवायची, नंतर त्याने तपासणीला बसायचं. तोवर त्याने केलेली कुठलीही सही, सही नव्हे. लोक धास्तावले. कागद फाडून उपयोग नव्हता, कारण चुरा सतरंजीवर पसरून वरून फोन फिरवला की पान जोडून मिळे. जाळावे तर इमारतींमध्ये धूर करायला बंदी.

त्यातून 'स्वाहा' हे यंत्र घरोघर आलं. दिसायला पिठाच्या डब्याएवढं. कागद आत गेला की यंत्र त्याच्या दोन्ही बाजू बघतं, कुठला ठेवायलाच हवा असा सरकारी दस्त नाही ना याची खात्री करतं आणि जाळीच्या तबकात गार पाण्याखाली ठेवतं. चोवीस तास तो तिथे तसाच राहतो. ही फेरविचाराची मुदत. रागाच्या भरात लोकांनी खरेदीखतं विरघळवली, तेव्हापासून ती सक्तीची झाली. मुदत संपली की पाणी तापतं आणि त्यात एक द्रव सुटतो. वाळवीच्या पोटात लाकूड पचवणारा जो पदार्थ असतो त्याच जातीचा. सहा तासांत कागदाचं साखरपाणी होतं आणि तळाशी चिमूटभर काळा गाळ उरतो. मजकूर यंत्राच्या लक्षात राहत नाही. राहते ती फक्त नोंद, किती पानं, कसली, घरातल्या कुणाच्या हातची.

आयुष्यभर वाळवीशी लढलेले हेमंतराव वाळवीचं पोट विकत आणतील असं सुरेखाला वाटलं नव्हतं. एका पावसाळ्यात त्यांनी ते आणलं. बाईच्या नावावर घेतलं तर सवलत होती म्हणून ते सुरेखाच्या नावावर झालं. साखरपाण्याला मुंग्या येतात म्हणून ती महिनाभर कुरकुरली, मग विसरली.

वरच्या मजल्यावर मृणाल केतकर राहायला आली ती त्याच पावसाळ्यानंतर. सत्तावन्न-अठ्ठावन्नची, नवरा जाऊन सात वर्षं झालेली, मिरजेच्या एका दवाखान्यातून निवृत्त झालेली. तिथे काय काम करायची असं विचारल्यावर ती म्हणाली, लोकांशी बोलायचं काम. केस पिकू दिलेले, पण कापलेले असे की पिकलेलेच शोभावेत. जिन्यात भेटली की आधी हेमंतरावांशी बोलायची, मग सुरेखाला हसून दाखवायची. सुरेखाने हे पहिल्याच आठवड्यात टिपलं.

दिवाळी झाली आणि मृणाल मंगळवारी यायला लागली. बरोबर अकरा वाजता, खांद्याला कापडी पिशवी. हेमंतरावांनी सांगितलं की तिच्या घरात नवऱ्याचे कागद पडून आहेत, ते लावायला ती मदत मागते आहे. कागदांची गोष्ट म्हटल्यावर सुरेखाला काही वाटलं नाही. मग तिच्या लक्षात आलं की मंगळवारी हेमंतराव इस्त्रीचा शर्ट घालतात. मग लक्षात आलं की खोलीचं दार लोटलेलं असतं. आणि त्यानंतरच्या मंगळवारी हेमंतरावांनीच सुचवलं की सुरेखाने योगवर्ग सोमवारऐवजी मंगळवारी करावा, सोमवारी गर्दी असते.

पस्तीस वर्षांत या माणसाने तिच्या योगवर्गाची चौकशी केलेली नव्हती.

ती गेली. अर्ध्या तासात पाठ दुखते असं सांगून परत आली आणि हळूच कुलूप उघडून दिवाणखान्यात उभी राहिली. आतून मृणालचा आवाज आला, मऊ, समजूत घातल्यासारखा. "घाई नको. डोळे मिटा आणि तिला समोर आणा." मग हेमंतराव हसले. सुरेखाला ते हसू ओळखूच येईना, इतकं ते लाजरं होतं. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने स्वयंपाकघरात जाऊन कुकर आपटला, तेव्हा दार उघडलं आणि मृणाल पिशवी सावरत बाहेर आली. जाताना तिने खरवसाचा डबा ओट्यावर ठेवला. हेमंतरावांनी तो दुपारी चाटूनपुसून संपवला. सुरेखाच्या खरवसाला ते दरवर्षी गोड कमी आहे म्हणायचे.

महिनाअखेरीस यंत्राची पावती तिच्या फोनवर आली. यंत्र तिच्या नावावर होतं ना. एरवी ती पावती न बघता पुसून टाकायची. या वेळी उघडली. मृणालच्या नवऱ्याच्या कागदांचा पत्ता नव्हता. होत्या त्या फक्त मंगळवारच्या नोंदी. हस्ताक्षर, घरातला क्रमांक एक. लेखन, वैयक्तिक. पानं चौदा. पुढच्या मंगळवारी तेरा. मग अकरा. मग नऊ.

क्रमांक एक म्हणजे हेमंतराव. म्हणजे हा माणूस दर मंगळवारी लोटलेल्या दाराआड एका बाईसमोर बसून पानंच्या पानं लिहीत होता, आणि ती गेली की पुरावा वाळवीच्या पोटात टाकत होता. सुरेखाने बेरीज केली नाही, तरी ती झालीच. सत्तेचाळीस पानं. तिच्या वाट्याला आलेली सगळ्यात मोठी चिठ्ठी चार ओळींची होती, आणि ती गॅसवाल्याच्या तक्रारीची होती. पानं कमी होत चालली आहेत याचाही तिने अर्थ लावला. नव्याची नवलाई संपत होती, आता दोघांचं न लिहिताही भागत असणार.

आठ दिवस तिने चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. भाजी जरा तिखट होत होती एवढंच. त्या आठ दिवसांत हेमंतराव एकदा चष्मा फ्रीजमध्ये विसरले, एकदा तिला दोनदा तीच बातमी सांगून बसले. प्रेमात पडलेला माणूस असाच वेंधळतो, असं म्हणून तिने तेही मृणालच्या खात्यावर मांडलं.

मंगळवारी दुपारी, हेमंतराव जेवून पडले असताना, तिने यंत्रावर अंगठा ठेवला. झाकण उघडलं. पाण्याखाली जाळीवर पानं एकेक अंतर सोडून निजली होती. ती सगळी काढली असती तर कळलं असतं, म्हणून तिने वरचं एकच पान दोन बोटांनी उचललं. बॉलपेनची शाई तेलकट असते, पाण्याला दाद देत नाही. पंचावर ठेवून वरून कोमट इस्त्री फिरवली तसं एकेक अक्षर वर आलं.

'ती मिरज स्टेशनवर उभी होती. मोरपंखी साडी, केसांत अबोलीचा गजरा. हातात पितळी डबा होता. मी वेळ विचारली तेव्हा तिने घड्याळाकडे न बघता सांगितली आणि हसली. इतकं सुंदर माणूस आपल्याकडे बघून हसू शकतं हे मला तोवर माहीत नव्हतं. त्या दिवसापासून मी तिला विसरलेलो नाही.'

सुरेखाने तीनदा वाचलं. मोरपंखी साडी तिच्याकडे कधीच नव्हती. फुलांनी तिला शिंका येतात, अबोलीचा गजरा तिने लग्नातसुद्धा काढून ठेवला होता. तिला हेमंतरावांनी पहिल्यांदा पाहिलं ते इस्लामपूरला तिच्या मामांच्या घरी. सडकून सर्दी झाली होती, गुलाबी पंजाबी ड्रेस घालून ती नाकाला रुमाल लावून बसली होती, आणि हेमंतराव तिच्याकडे बघण्याऐवजी मामांचा जुना सातबारा बघत होते. स्टेशनवरची ही बाई दुसरीच कुणी होती. मृणाल मिरजेची होती.

रडू यायला हवं होतं, पण रागाने ते येऊ दिलं नाही. या बाईने त्याच्या तोंडून, त्याच्या हातून असली वाक्यं काढली, याचाच तिला जास्त संताप आला. ही वाक्यं त्याच्यात होती तर पस्तीस वर्षं कुठे ठेवली होती? कोणत्या रुमालात?

आणि मग तिने ते केलं. फोनवर 'अक्षरपारखी' नावाची एक फुकटची सोय होती. कुणाचंही अक्षर दाखवावं, लिहिणारा खरं लिहितो आहे की खोटं, प्रेमाने की रागाने, ती लगेच सांगते. कॉलेजातल्या मुली मजेसाठी वापरत. हेमंतरावांनी तिला शंभरदा बजावलं होतं की घरातलं एक अक्षरही कुठे पाठवायचं नाही. तिने पानाचा फोटो काढला आणि पाठवला. दोन क्षणांत उत्तर आलं. 'लेखकाच्या भावना अस्सल आहेत. प्रेम, तीव्र.'

पान तिने पर्समध्ये ठेवलं. चिठ्ठ्यांच्या शेजारी.

त्यानंतरचे नऊ दिवस ती हेमंतरावांशी कामापुरतंच बोलली. दहाव्या दिवशी, सकाळचा चहा चालू असताना, त्यांच्या फोनवर सूचना आली. हेमंतरावांनी ती वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली आणि फोन तिच्यासमोर ठेवला. त्यांच्या अक्षराचा नमुना कुठूनतरी अक्षरं तपासणाऱ्या सरकारी कार्यालयात पोचला होता. त्यात स्मृती क्षीण होत असल्याची खूण स्पष्ट होती. आजपासून सहा महिने त्यांची सही गोठवण्यात आली होती.

सुरेखाला आधी काही कळलंच नाही. स्मृती कुणाची? मग चष्मा, फ्रीज, दोनदा सांगितलेली बातमी, सगळं एकदम तिच्या अंगावर आलं.

हेमंतराव चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी तिच्याकडून यंत्राची पावती मागून घेतली, बोट ओळीवरून खाली नेत नेत एका जागी थांबवलं आणि कार्यालयात एखाद्या कारकुनाला सांगावं तशा आवाजात ते म्हणाले, "एक पान परत काढलं. मंगळवार, दुपारी तीन दहा. अंगठा तुझा."

सुरेखाने पर्समधून पान काढून समोर ठेवलं. मग जे विचारायचं ते विचारलंच. आता त्याला अर्थ नव्हता तरी तिला ते गिळता येईना. "ही मोरपंखी साडीतली बाई कोण?"

त्यांनी पानाकडे पाहिलं आणि मग तिच्याकडे, जणू तिने फारच सोपं काहीतरी विचारलं होतं. "तू."

"मी कधी मिरज स्टेशनवर नव्हते. तुम्ही मला मामांकडे पाहिलंत. मला सर्दी झाली होती."

"नाही, स्टेशनवर. पितळी डबा होता तुझ्याकडे."

"अहो, आमच्या घरात पितळी डबाच नव्हता."

त्यांनी पान उचलून डोळ्यांजवळ नेलं, उलटं करून मागची बाजू पाहिली, जशी काही तिथे खरी नोंद असायला हवी होती. एखादा गठ्ठा सोडावा आणि आत दुसऱ्याच गावचे कागद निघावेत, तसा त्यांचा चेहरा झाला. शेवटी त्यांनी हळू आवाजात विचारलं, "मग ती कोण होती?"



बाकीचं त्या सकाळी हळूहळू बाहेर आलं. पावसाळ्यातच त्यांना स्वतःला शंका आली होती. चारही रुमालांचे रंग ठाऊक होते, पण लालमध्ये काय ठेवायचं ते एक दिवस आठवेना. मृणाल दवाखान्यात अशाच माणसांना शब्द आणि आठवणी धरून ठेवायला शिकवायची. दवाखान्यात गेलं की नोंद होते, म्हणून तिने घरी यायचं कबूल केलं. दर मंगळवारी त्यांनी एकाच माणसाबद्दल आठवेल तेवढं लिहायचं, मोठ्याने वाचायचं आणि पान नष्ट करायचं. पुढच्या खेपेला मागचं बघून लिहिता येऊ नये म्हणून, आणि अक्षर कुणाच्या हाती लागू नये म्हणूनही. कोणत्या माणसाबद्दल लिहायचं ते निवडायला मृणालने सांगितलं होतं. त्यांनी सुरेखाला निवडलं होतं.

"मला का सांगितलं नाहीत?" तिने विचारलं.

त्यांनी कारण सांगितलं आणि ते ऐकून ती खुर्चीत मागे टेकली. घर त्यांच्या एकट्याच्या नावावर होतं. ते तिच्या नावावर करून द्यायची तारीख त्यांनी घेतली होती, येत्या गुरुवारची. ज्याला मिळतं त्याला देणाऱ्याचा आजार माहीत असेल तर असा दस्त रद्द होतो. तिला शपथेवर लिहून द्यावं लागलं असतं की मला काही ठाऊक नाही. "तू खोटं बोलत नाहीस," हेमंतराव म्हणाले. "म्हणून तुला खरंच ठाऊक नसणं गरजेचं होतं. गुरुवार झाला की सांगणार होतो. तेवढा एकच कागद राहिला होता लाल रुमालात घालायचा."

सहा महिन्यांनी तपासणी होती. पानं चौदावरून नऊवर यायला चार मंगळवार लागले होते. तेवढा हिशोब सुरेखालाही कळत होता.

दुसऱ्या बाईच्या मत्सरापायी तिने नवऱ्याची सही घालवली होती, आणि दुसरी बाई नव्हतीच. तिने त्यांना तसं सांगितलं, आडपडदा न ठेवता, अक्षरपारखीसकट. हेमंतरावांनी ऐकून घेतलं. मग त्यांना त्यातलं एकच महत्त्वाचं वाटलं असावं. "अस्सल म्हणाली का ती?" त्यांनी विचारलं. सुरेखाने होकारार्थी मान हलवली. ते जरासे खूश झाल्यासारखे दिसले, आणि तेव्हा कुठे सुरेखाला रडू आलं.

पुढच्या मंगळवारी अकराला बेल वाजली, तेव्हा दार सुरेखाने उघडलं. मृणालला सगळं कळलं होतं. ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली आणि म्हणाली की यापुढे यायचं की नाही ते वहिनींनी ठरवावं. सुरेखाला अजूनही ती आवडत नव्हती. दोन महिने आपल्या नवऱ्याचं सगळ्यात नाजूक गुपित या बाईने सांभाळलं, त्याचं ते लाजरं हसू हिने आपल्याआधी पाहिलं, हे काट्यासारखं सलत होतंच. पण तिने विचारलं, स्टेशनवरचं ते पान ऐकल्यावर चुकतं आहे हे तुम्हाला कळलं नाही का?

"मला कसं कळणार?" मृणाल म्हणाली. "त्यातलं खरं काय आणि नुसतं वाटलेलं काय, हे ठाऊक असलेलं माणूस एकच. त्यालाच आम्ही योगवर्गाला पाठवत होतो. मी आपली पानं मोजत होते."

सुरेखा दारातून बाजूला झाली. "या," ती म्हणाली. "आज मी बसते त्यांच्यासमोर. तुम्ही कसं करायचं ते दाखवा."

हेमंतराव इस्त्रीचा शर्ट घालून टेबलापाशी बसले होते. सुरेखा समोर बसली तसे ते अवघडले, मग पेन उचललं. मृणालने शिकवलं होतं तसं सुरेखाने म्हटलं, घाई नको, डोळे मिटा आणि तिला समोर आणा. हे वाक्य आपल्याच तोंडून ऐकताना तिला कसंसंच झालं. पाऊण तासात पाच पानं झाली. दुधाची चिठ्ठी त्यात होती. पत्रिकेच्या यादीवर तिने सही केली नाही ते होतं, आणि तिचं बरोबर होतं असंही लिहिलं होतं. पाचव्या पानावर मिरज स्टेशन होतं. मोरपंखी साडी, अबोली, पितळी डबा.

हेमंतरावांनी पानं जुळवली, कडा टेबलावर आपटून सारख्या केल्या आणि यंत्राकडे हात नेला. सुरेखाने तो धरला. आता कशाला, ती म्हणाली. ज्यांना कळायचं त्यांना कळलं आहे, सही गेलीच आहे, आता अक्षर लपवून कुणाचं काय वाचणार होतं? हे तिच्याच हातून झालं होतं आणि त्यात चांगलं असं एवढंच होतं की यापुढची पानं ठेवता येणार होती.

त्यांनी विचार केला. मग पानं तिच्यापुढे सरकवली. कार्यालयात नक्कल दिली की मूळ कागदाशी ताडून बघायची आणि खाली तसा शेरा मारून सही करायची पद्धत होती. शेऱ्याशिवाय कागद रुमालात जात नसे. "मुळाशी ताडून बघ," ते म्हणाले.

मूळ आता फक्त तिच्यापाशी होतं. गुलाबी ड्रेस, लाल झालेलं नाक, मामांचा सातबारा. एक रेघ मारून ती ते दुरुस्त करू शकत होती. चार पानांवर तिने काही ठिकाणी केलंही, एका सणाचं वर्ष चुकलं होतं, एका आत्याचं नाव. पाचव्या पानावर पेन थांबलं. नाकाला रुमाल लावून बसलेली ती मुलगी यांच्या दप्तरातून गेली होती आणि परत येणार नव्हती. तिची जागा रिकामी ठेवण्याऐवजी या माणसाने तिथे आपल्याला ठाऊक असलेलं सगळ्यात सुंदर काहीतरी आणून ठेवलं होतं, आणि त्यावर नाव सुरेखाचंच घातलं होतं. मोरपंखी साडीतल्या त्या बाईचा तिला हेवा वाटला. खरंच वाटला, अगदी आतून. तरीही तिने पानाच्या तळाशी लिहिलं, 'खरी नक्कल. सुरेखा हेमंत शिराळकर. ११.५० वा.' आपण खोटं बोलत नाही असं परवा कुणी म्हणालं होतं, हे तिला सही करताना आठवलं.

हेमंतरावांनी शेरा वाचला, वेळ घड्याळाशी पडताळली आणि मान डोलावली. मृणाल खिडकीबाहेर बघत होती. कपाटातून रुमाल काढताना ते क्षणभर थांबले, चारही रंगांवरून हात फिरवला आणि सुरेखाकडे पाहिलं.

"लाल," ती म्हणाली.

त्यांनी लाल रुमाल पसरला आणि पानं मध्यभागी ठेवून चारही कोपरे एकावर एक दुमडले. गाठ मात्र त्यांनी न विचारता मारली, नेहमीची, एका हाताने सुटणारी आणि आपणहून कधीच न सुटणारी.